पेन्शनची यादी आणि युद्धनौका : अमेरिकेची १३५ वर्षांपूर्वीची एक गोष्ट

आमच्या पत्रकार मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही दिवस अमेरिकेवरून वाद पेटलाय. एक म्हणतो, "सरकारी योजनांतले फुकटे शोधायचे आणि जगात दरारा ठेवायचा, नेता असा कडक पाहिजे." दुसरा म्हणतो, "एकीकडे ग्रीनलँड मागायचं आणि दुसरीकडे गरिबाच्या दवाखान्याचे पैसे कापायचे, यात कसला कडकपणा?" दोघंही हे पहिल्यांदाच घडतंय असं धरून चाललेत. तसं नाहीये. म्हणून ही मोठी पोस्ट. चहा घेऊन बसा.

११ मार्च १८८६. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला पंडिता रमाबाई तिथे गेल्या, पुढे अडीच वर्षांहून जास्त राहिल्या आणि अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहून गेल्या. त्या फिरत होत्या त्याच काळात तिथल्या राजकारणात एक विषय तापलेला होता : सैनिकांचं पेन्शन आणि त्यातली बनवाबनवी.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. १८६२ च्या कायद्याने उत्तरेच्या सैन्यातल्या जखमींना, विधवांना आणि अनाथ मुलांना पेन्शन मिळू लागलं. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर. इथवर कुणाची तक्रार नव्हती.

गडबड १८७९ नंतर वाढली. ठरलेल्या मुदतीत अर्ज केला तर सैन्यातून सुटल्या दिवसापासूनची थकबाकी एकरकमी मिळेल, असा कायदा झाला. अर्जांचा पूर आला. मधल्या माणसांचं पीक आलं. अर्ज भरून देणारे एजंट प्रत्येक दाव्यामागे १० डॉलरपर्यंत फी घेत. वॉशिंग्टनमधल्या जॉर्ज लेमन नावाच्या अशाच एका बड्या एजंटाने तर सैनिकांसाठी स्वतःचं वर्तमानपत्रच चालवलं. पेन्शन वाढवा म्हणणारा अग्रलेखही त्याचा आणि फीही त्याचीच!

पेन्शन कचेरीने अर्ज फेटाळला तरी एक वाट उरायची. खासदार त्या एका माणसापुरतं विधेयक आणायचा. शुक्रवारी रात्री तुरळक हजेरीत अशी विधेयकं ढिगाने मंजूर व्हायची. ती सहीसाठी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टेबलावर गेली, तेव्हा हा गडी रात्र रात्र बसून एकेक कागद वाचू लागला. डेमोक्रॅटिक पक्षाचा, पण पैशाच्या बाबतीत जुन्या वळणाचा, हात आखडता माणूस. पहिल्या कारकिर्दीत त्याने अशी दोनशेहून जास्त विधेयकं परत पाठवली.

एक नमुना बघा. एक जण मार्च १८६५ च्या अखेरीस, म्हणजे युद्ध संपत आलं असताना, दुसऱ्याच्या बदली भरती झाला. आठवडाभरात त्याला गोवर आला. महिनाभर दवाखान्यात राहिला, परतला आणि लगेच सैन्यातून मोकळा झाला. कितीतरी वर्षांनी म्हणतो, तो गोवर डोळ्यांत आणि पाठीच्या कण्यात उतरलाय, पेन्शन द्या. क्लीव्हलँडने नकार देताना गोवराशी झालेल्या या तुंबळ युद्धाची टिंगल केली. त्याचं खरं म्हणणं मात्र गंभीर होतं : ही यादी सन्मानाची आहे, तिच्यात खोटी नावं घुसली तर खऱ्या जखमी माणसाचा अपमान होतो.

मग देशाने त्याला डोक्यावर घेतलं का? उलट झालं. त्याने स्वतः युद्धात १५० डॉलर देऊन बदली माणूस पाठवला होता, ते विरोधकांनी उकरून काढलं. माजी सैनिकांची 'ग्रँड आर्मी' ही संघटना खवळली. १८८७ मध्ये दक्षिणेकडून जिंकलेले जुने झेंडे परत देण्याचा हुकूम त्याने काढला, तेव्हा तर वणवाच पेटला. हुकूम मागे घ्यावा लागला. चोर पकडणारा माणूस देशाचा शत्रू ठरला.

१८८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने बेंजामिन हॅरिसन यांना उभं केलं. युद्धातला जनरल. त्यांचं सांगणं होतं की म्हाताऱ्या सैनिकांचे दावे औषधाच्या काट्यावर तोलत बसायची ही वेळ नव्हे. मतं क्लीव्हलँडला जास्त पडली, पण तिथल्या निवडणूक पद्धतीने हॅरिसन जिंकले. त्यांनी पेन्शन खात्यावर जेम्स टॅनर यांना बसवलं. युद्धात दोन्ही पाय गमावलेला माणूस, त्यामुळे विरोधात बोलायची सोय नाही. टॅनर यांनी इतक्या सढळ हाताने वाटप केलं, आपल्याच कचेरीतल्या पेन्शनरांचीही वाढ झाली, की सहा महिन्यांत त्यांना जावं लागलं.

आता या तारखा नीट बघा. २७ जून १८९० : नवा पेन्शन कायदा. ९० दिवस नोकरी केली आणि आता अंगमेहनत होत नाही, एवढं पुरे. दुखण्याचा युद्धाशी संबंध असायची गरज नाही. ३० जून १८९० : इंडियाना, मॅसॅच्युसेट्स आणि ओरेगन या तीन मोठ्या युद्धनौकांना मंजुरी. ऑक्टोबरात मॅकिन्ली यांचा भरमसाट आयातकर.

ही तीन कामं वेगळी नव्हती. उंच आयातकर कारखानदारांना हवा होता. त्यातून तिजोरी तुडुंब भरायची आणि भरलेली तिजोरी दिसली की लोक म्हणणार, कर कमी करा. म्हणून पैसा खर्च व्हायलाच हवा. थोडा पेन्शनला, म्हणजे उत्तरेतली मतं पक्की. थोडा नौदलाला, म्हणजे देश बलवान. १८९३ पर्यंत पेन्शनर साडेनऊ लाखांच्या पुढे गेले आणि केंद्राच्या खर्चातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा एकट्या पेन्शनला जाऊ लागला.

त्या जहाजांचं काय झालं? १८९८ मध्ये मॅकिन्ली राष्ट्राध्यक्ष असताना स्पेनशी युद्ध झालं. ओरेगन पॅसिफिक किनाऱ्यावरून अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून क्यूबाला पोचली. पोर्टो रिको, ग्वाम हाती आले, २ कोटी डॉलर देऊन फिलिपाइन्स घेतलं, हवाई जोडून टाकलं. हवाईचा पहिला प्रस्ताव १८९३ मध्ये मागे घेणारा होता तोच क्लीव्हलँड. फिलिपाइन्स गिळायलाही त्याने विरोध केला. तो काही संत नव्हता, रेल्वे कामगारांचा संप मोडायला त्यानेच लष्कर धाडलं होतं. पण हिशेब तपासणारा आणि दुसऱ्याची जमीन नको म्हणणारा माणूस तेव्हा एकच होता आणि दोन्हींबद्दल तो दुबळा ठरला.

मग काटा कुणासाठी उरला? बायकांसाठी. १८८२ च्या कायद्याने विधवेचे परपुरुषाशी संबंध आढळले तर पेन्शन बंद. सरकारी तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरायचे. उत्तरेकडून सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. त्यांच्यातल्या गुलामगिरीतून आलेल्यांच्या विधवांना लग्नाचा पुरावा मागितला जायचा. गुलामाच्या लग्नाला कायदाच नव्हता, दाखला कुठून आणणार? गोवरवाल्यांच्या शिफारशीला खासदार आणि हिच्या दाराशी तपासनीस.

आता आजचं. ४ मार्च २०२५ ला ट्रम्प यांनी संसदेत १५० वर्षांच्या 'लाभार्थ्यां'चे आकडे वाचून दाखवले. खुद्द त्या खात्याच्या प्रमुखानेच आधी खुलासा केला होता की मृत्यूची नोंद नसलेली ही नावं म्हणजे पैसे घेणारे लोकच असतील असं नाही. चोरी मुळात नाहीच, असं मी म्हणत नाही. मिनेसोटात कोविडच्या काळात मुलांच्या जेवणाच्या नावाखाली सुमारे २५ कोटी डॉलर लाटले गेले, लोक दोषी ठरले. पण पुढे काय झालं? ४ जुलै २०२५ च्या एकाच कायद्यात गैरप्रकार रोखण्याच्या नावाखाली गरिबांच्या आरोग्य योजनेला कात्री लागली आणि संरक्षणाला सुमारे १५० अब्ज डॉलर जादा मिळाले. त्या कायद्यामुळे दहा वर्षांत सुमारे १ कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा अंदाज तिथल्या संसदेच्याच हिशेब कार्यालयाचा आहे. आणि शपथविधीच्या भाषणात ट्रम्प यांनी गौरव कुणाचा केला? मॅकिन्लींचा.

बघा, तेव्हा ताकदीच्या नावाखाली चोरीकडे डोळेझाक झाली. आज ताकदीच्याच नावाखाली चोरीचा डंका वाजतोय. उलटं दिसतं, पण रीत एकच : यादी कुणाची तपासायची हे चोरी कुठे आहे त्यावरून ठरत नाही, मतं कुठे आहेत त्यावरून ठरतं. मी बरीच वर्षं तहसील कचेरीच्या बातम्या करतोय, हे मला समजायला अमेरिकेला जावं लागलं नाही.

शेवटची गोष्ट. यादवी युद्धाचं शेवटचं पेन्शन कधी बंद झालं असेल? २०२० मध्ये. त्या वर्षी ३१ मे रोजी एका सैनिकाची नव्वद वर्षांची मुलगी वारली. बाप आधी दक्षिणेकडून होता, मग पळून उत्तरेला मिळाला. तिला महिना मिळायचे ७३ डॉलर १३ सेंट. तेवढ्याने ते राष्ट्र काही दुबळं झालं नव्हतं.

ग्रुपवरच्या दोघांनाही हेच विचारायचंय : पुढच्या वेळी कुणी चोरांची यादी नाचवली, तर त्या यादीत कोण नाही, हे आधी बघाल का?