स्रेब्रेनिका : कागदावरचं 'सुरक्षित क्षेत्र'

युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फंट्रीतले होते, हे आमच्या गोंदियात फारसं कुणाला ठाऊक नाही. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. जून १९९२ अखेर या सेनेने वेढलेल्या साराजेव्होचा विमानतळ ताब्यात घेतला, तेव्हा कुठे अन्न-औषधं पोहोचू लागली. मार्च १९९३ मध्ये ते परतले. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनिका 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलं. अशा सहा क्षेत्रांसाठी आणखी ३४,००० सैनिक हवे होते. मंजूर झाले ७,६००. जुलै १९९५ मध्ये डच शांतिसैनिक तिथे असतानाच सर्ब फौजा शिरल्या. आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली गेली. मी त्या डच सैनिकांपेक्षा हात वर करून ठराव मंजूर करणाऱ्यांना अधिक दोष देतो. संयुक्त राष्ट्रांनी आपलं अपयश १९९९ च्या अहवालात कबूल केलं.