ब्राँझ आणि सिमेंट

मुळशी पेट्यात १९२१ म्हटले की सत्याग्रह आठवतो. त्या वर्षीच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी ठाण मांडले. तुम्ही शिवरायांच्या मावळ्यांचे वंशज, अशीच साद त्यांना घातली जात होती. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसली, ती प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. इकडे महाराजांच्या नावाने सरकारशी झुंज, तिकडे सरकारच्या युवराजाकडून महाराजांना मानवंदना! आधुनिक मराठी शिल्पकलेच्या अभ्यासात शिरायला मला हे दार सर्वांत सोयीचे वाटते. त्या स्मारकाचा पुतळा घडवणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांना याच पेचातून वाट काढायची होती.

करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. मुलगा देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढतो, कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ते पाहतात आणि त्याची रवानगी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. सिनेमात शोभावी अशी गोष्ट, पण खरी. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या आधाराने कोलकात्यात स्टुडिओ, मग लंडन, मग पुन्हा मुंबई. चरित्रकार या प्रवासात रमतात. अभ्यासकाने तो झरझर मागे टाकावा आणि ओतकामापाशी थांबावे.

पुण्याच्या शिवस्मारकाचा अश्वारूढ पुतळा साडेतेरा फूट उंच, वजनाला सुमारे आठ टन. लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची, तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, शेवटी धातू ओतायचा, ही रीत कुठलीही कलाशाळा शिकवते. एवढे मोठे काम तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडण्याचा मार्ग सुरक्षित. करमरकरांनी माझगाव गोदीत ते एकसंध ओतवले. रस वाटेतच थिजला तर अंगाला भोक पडते, हवेला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर आत पोकळी राहते. तुकडा बिघडला तर तो पुन्हा ओतता येतो. इथे एक चूक म्हणजे सगळी मेहनत भट्टीत. १९२८च्या जूनमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी पुतळ्याचे अनावरण केले. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. आपल्याकडे पुतळ्याविषयी लिहिताना पाहुण्यांची यादी येते, भट्टीपाशी उभे राहिलेले हात येत नाहीत. ही आपली जुनी खोड.

हा पेच एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. नायजेरियाचे बेन एन्वॉन्वू (१९१७–१९९४) शिल्पकार होते, तितकेच चित्रकारही. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये ते शिकले, राणी एलिझाबेथचा ब्राँझ पुतळा त्यांनी घडवला आणि त्याच दशकात इग्बो परंपरेतून उगवलेले ‘अन्यान्वू’ हे शिल्पही. त्यांनी १९७४ साली रंगवलेले ‘टूटू’ हे राजकन्येचे चित्र कित्येक वर्षे बेपत्ता होते. ते लंडनच्या एका फ्लॅटमध्ये सापडले आणि २०१८ साली लिलावात गाजले. राणीचा पुतळा केला म्हणून एन्वॉन्वूंना मिंधे ठरवायचे, युवराजाची कोनशिला करमरकरांच्या गळ्यात बांधायची, हा निव्वळ आळस आहे. काम कोणी मागितले हे जरूर विचारावे. पण ते विचारून झाले की हात काय करत होता तेही पाहावे लागते.

त्यासाठी सासवण्याला जायला हवे. करमरकरांचे घर आज त्यांच्या कामांचे संग्रहालय आहे. तिथे सिमेंट भेटते: कोळीण, अंगणातली म्हैस, रोज दिसणारी माणसे आणि जनावरे. ब्राँझ मागणाऱ्याच्या खिशातून येते. सिमेंट घरच्या पैशांत भागते, त्याला समिती लागत नाही की मुहूर्त लागत नाही. शिवाय ते लवकर आवळते, मातीसारखे पुन्हापुन्हा चाचपू देत नाही. मला विचाराल तर करमरकरांचा हात सर्वांत मोकळा इथेच दिसतो.

मुळशीकरांना सासवणे तसे फार आडवळणाचे नाही. ताम्हिणी घाट उतरावा, मग कोलाड, वडखळ, अलिबाग. तिथे पोचल्यावर सिमेंटची कामे आधी पाहावीत. ती शेवटी पाहिली की मोठ्या शिल्पकाराने फावल्या वेळात केलेली वाटतात, आणि पुढच्या प्रकरणांचे भांडण नेमके त्या समजाशी आहे.