कल्याणीच्या मुदपाकखान्यातलं चीज

इटलीच्या खेड्यात, गोठ्याशेजारी बसून ताजं चीज चाखायला आता आपल्याकडचेही पर्यटक जातात. कंपानियात म्हशीच्या दुधाचा मोझ्झारेल्ला वळला की तो ताजा असतानाच खायचा असतो. परत आल्यावर हीच मंडळी सांगतात की दूध मुद्दाम नासवून खाणं आपल्या रीतीत कधी नव्हतं. लातूर-नांदेडच्या माणसाने तरी हे मान्य करू नये.

निलंग्याच्या खाली, आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. लातूर-नांदेडचा मुलूख त्यांच्याच अमलाखाली होता आणि देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं त्याच काळातली. या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. हत्तींपासून संगीतापर्यंत सगळं त्यात आहे आणि राजाच्या जेवणाला तर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात क्षीरप्रकार नावाचा पदार्थ येतो. तापवलेल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, चोथा फडक्यातून गाळायचा, त्यात तांदळाचं पीठ मळून गोळे तळायचे आणि साखरेच्या पाकात सोडायचे. यातला फडक्यातला चोथा म्हणजे ताजं चीजच, ज्याला आपण छेना म्हणतो. छेना बंगालला पोर्तुगिजांनी शिकवला असं अनेक जण सांगतात, पण वास्को द गामा कालिकतला उतरला तो 1498 मध्ये. कल्याणीचा हा पाक त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीचा आहे. मराठवाड्याच्या खाद्यपरंपरेबद्दल बोलताना मी हे नाव सर्वांत आधी घेईन.

मग आपल्या घरांत दूध नासलं की जीव का हळहळतो? मला कारण दुधाच्या तुटवड्यात दिसतं. लालकंधारी ही मुख्यतः शेतकामाची जात, तिचं दूध बेताचंच. वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तीन रंगरूपांची देवणी दुधालाही बरी, पण तिच्या दुधावर आधी वासराचा हक्क. उरलेल्याचं दही लागायचं, ताक घरात राहायचं आणि तूप बाजाराला जायचं. राजाच्या मुदपाकखान्याला परवडणारं नासवणं कुणब्याच्या चुलीला परवडलं नसावं. चुकून नासलंच तर त्यात गूळ घालून आटवत.

चुलीवर टिकला तो खरवस. त्याला आंबटही लागत नाही. व्यालेल्या गाईच्या पहिल्या चिकात प्रथिनं साध्या दुधाच्या कितीतरी पट असतात आणि नुसत्या वाफेवर ती घट्ट बसतात. इटलीचा रिकोटाही मुख्यतः निवळीतली प्रथिनं उष्णतेने गोठवूनच होतो, म्हणजे नात्याने तो खरवसाला जवळचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गाईचा चीक वर्ज्य सांगितला आहे. आमच्या आज्या-पणज्यांनी तो गूळ-वेलदोडा घालून उकडला आणि आळीत वाटला. बिलोलीपलीकडे तेलुगू घरांत तो जुन्नू, उदगीरपलीकडे कन्नड घरांत गिण्णू. राज्याच्या सीमा बदलल्या, वाटी तीच राहिली.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. वासराला रोगापासून वाचवणारी शक्ती गर्भात मिळत नाही, ती पहिल्या काही तासांत पोटात गेलेल्या चिकातूनच येते. म्हणून वासरू पोटभर पिऊन उरला तरच खरवस करावा.

आपल्याकडे शेतावर जाऊन खाण्याचा सोहळा आधीपासूनच आहे, तो हुरड्याचा. यंदाच्या थंडीत हुरड्याला पाहुणे बोलावणाऱ्यांनी आगटीशेजारी एक पातेलं देवणीचं किंवा मराठवाडी म्हशीचं दूध ठेवावं. आंबट ताकाने ते फाडावं, फडक्यात निथळू द्यावं आणि मीठ-मिरचीबरोबर गरम गरम वाढावं. वाढताना कल्याणीच्या सोमेश्वराचं नाव जरूर सांगावं.