दिल्ली न जाळण्याचा हिशेब

मानेसर. मारुतीचा कारखाना, एनएसजी कमांडोंची छावणी, जयपूरकडे धावणारे ट्रक. हे सगळं पुसून टाका, फक्त अरवलीच्या बोडक्या टेकड्या राहू द्या. साल 1737. रामनवमी नुकतीच होऊन गेली आहे.

तुम्ही बाजीराव पेशव्यांच्या फौजेतले कारकून आहात. कमरेला कलमदान, मांड्या खोगिरानं सोललेल्या. बुणगे बुंदेलखंडातच ठेवल्यामुळे तंबू नाही की डेरा नाही. भूक लागली की उभ्या गव्हाची ओंबी खुडायची, तळहातावर चोळायची आणि दाणे तोंडात टाकायचे. पाठीमागे दिल्ली, पुढे रेवाडी, मग कोटपुतळी. वाट या टापूतूनच जाते.

शेजारचा तरणा शिलेदार धुसफुसतोय. "दारात गेलो आणि माघारी फिरलो! निदान आग तरी लावायची."

त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. अवधचा सुभेदार सादतखान यानं मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मार दिला आणि बादशहाला कळवलं की मराठे चंबळेपार पळाले. दरबारात आनंदीआनंद झाला. बादशहाचा मीरबक्षी खानदौरान यानं मराठ्यांचे वकील धोंडोपंत यांना निरोप देऊन टाकला. आपण हिंदुस्थानातच आहोत हे बादशहाला दाखवायचं, म्हणून बाजीरावांनी मोगली फौजा बगलेला टाकल्या, मेवातच्या डोंगरांतून दौड मारली आणि थेट दिल्लीच्या कालिकेच्या देवळापाशी मुक्काम केला. जत्रा भरली होती, ती लुटली गेली. शहरात घबराट पसरली.

आणि तिथेच हात आखडला. दिल्ली हे थोर स्थळ, बादशहाला धुळीला मिळवून फायदा काही नाही, उलट मर्यादा सोडली तर राजकारणाचा दोरा तुटेल, असं बाजीरावांनी धाकट्या भावाला, चिमाजीअप्पांना, लिहून कळवलं. तळ शहरापासून दूर हलवला. शहरातून आठेक हजारांची फौज चालून आली तेव्हा राणोजी शिंदे, मल्हारराव यांनी तिला झोडपलं. संध्याकाळी वजीर कमरुद्दीनखान येऊन भिडला, तेव्हा मात्र पेशव्यांनी काढता पाय घेतला.

"दोरा म्हणजे काय ते तुला कळायचं नाही," तुमच्या पलीकडून एक म्हातारे कारकून शिलेदाराला म्हणतात. "मी कैलासवासी नानांबरोबर दिल्लीस होतो."

नाना म्हणजे बाजीरावांचे वडील, बाळाजी विश्वनाथ. म्हाताऱ्यांचं बोट धरून अठरा वर्षं मागे चला.

1719, दिल्लीतला फाल्गुन. सय्यद बंधूंनी फर्रुखसियरला तख्तावरून ओढलंय. गल्ल्यांत दंगल उसळली आहे आणि सय्यदांच्या साथीला आलेल्या मराठ्यांना वेचून मारताहेत. दीड-दोन हजार माणसं पडली. नाना फडणीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतच गेले. तुमच्या अंगरख्यावर कुणाचं तरी रक्त आहे. तरीही काम थांबत नाही. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या शिक्क्याच्या सनदा हाती पडतात. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, शिवाय स्वराज्याचा मुलुख. बदल्यात पंधरा हजार घोडदळाची चाकरी आणि दहा लाखांची पेशकश. शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई सुटतात. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हापासून त्या मोगलांच्या कैदेत होत्या. ज्या बादशाहीनं संभाजीराजांना मारलं, तिच्याच मोहरेनं हे राज्य कायदेशीर ठरलं. दिल्लीत आपला वकील राहू लागला. पुढे नाशिकच्या हिंगण्यांच्या घराण्यानं हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं.

मोहोर देणारा हातच जाळला, तर चौथाई मागायची कुणाच्या नावानं? शिलेदार गप्प होतो. पटलं म्हणून नव्हे, घोडा लंगडायला लागलाय म्हणून.

पुढची पानं भराभर उलटा. जानेवारी 1738 मध्ये भोपाळजवळ कोंडीत सापडलेला निजाम दुराई-सराईचा तह करतो आणि माळवा बादशहाकडून मिळवून देण्याचं कबूल करतो. 1739 मध्ये नादिरशहा दिल्लीत कत्तल करतो. बाजीरावांनी जे केलं नाही, ते दोन वर्षांत परक्यानं केलं. 1741 मध्ये माळव्याची सनद बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांच्या हाती येते, तीही नायब सुभेदारी म्हणून. तलवारीनं कधीच घेतलेला मुलुख कागदावर चाकरी म्हणून स्वीकारला जातो. 1752 च्या करारात तर मराठेच बादशहाचे रक्षणकर्ते ठरतात, मोबदला पन्नास लाख. 1784 मध्ये महादजी शिंदे पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवून कारभार हाती घेतात.

दोरा टिकला, पण त्याची किंमतही होती. मोहोर जपायची तर तिचा धनी जपायचा, आणि धनी जपायचा तर दिल्लीत फौज ठेवायची, तिचा पगार भागवायचा, अब्दालीशीही लढायचं. पानिपतापर्यंत मराठ्यांना नेणाऱ्या कारणांत 1752 चा तो शब्दही होताच.

शेवटचा थांबा सप्टेंबर 1803. पटपडगंजला लॉर्ड लेक शिंद्यांच्या फौजेचा पराभव करतो आणि आंधळ्या शाहआलमसकट दिल्ली ताब्यात घेतो. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, दौलतराव शिंद्यांचा तह होतो आणि त्या तहानं मानेसरसकट गुडगावचा हा सगळा टापू इंग्रजांकडे जातो. बादशहाला त्यांनीही गादीवरच ठेवलं. मोहोर हवीच, हा बाजीरावांचा हिशेब इंग्रजांनीही मोडला नाही. तो त्यांनी 1857 नंतर मोडला, तेव्हा त्यांना मोहोरेची गरज उरली नव्हती.