वैयावृत्त्य आणि परिचर्या : एका सेवाव्यवसायाचा इतिहास

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाची परंपरा आपल्या समाजाने मनोभावे जपली आहे. ठिकठिकाणी समाजबांधवांच्या दातृत्वातून उभे राहिलेले दवाखाने आणि प्रसूतिगृहे ही त्याची साक्ष होत. तथापि ते औषध रुग्णाच्या मुखापर्यंत नेणारा हात कोणाचा, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्या हाताचा, म्हणजेच परिचारिकेच्या व्यवसायाचा, इतिहास थोडक्यात मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्य हे एक तप असून, ज्यांची सेवा करावयाची अशा दहांमध्ये 'ग्लान' म्हणजे रोगी साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी तिसरे अंग निर्विचिकित्सा, म्हणजे देहाच्या मलिनतेची किळस न करणे. त्यासाठी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उद्दायन राजाचे नाव दिले आहे. रोगग्रस्त मुनीची वांती अंगावर पडली असताही या राजाने स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत.

आधुनिक काळात या सेवेला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यामुळे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांचे पथक घेऊन त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. स्वच्छता, आहार आणि काटेकोर नोंदी यांवर त्यांचा भर होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. त्यापूर्वी इंग्लंडमध्येही हे काम हलक्या दर्जाचे मानले जात असे, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता देह ठेवला. मिरजेस डॉ. वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले आणि पुढे तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन स्थापिले. या संस्थेने विधवा भगिनींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श आणि रात्रपाळी, या दोन गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा समाजाला असह्य होत्या. रमाबाईंनी तो रोष सोसला. आपल्याकडेही महिलारत्न मगनबाईंनी श्राविकाश्रमाच्या द्वारे विधवांना शिक्षणाचे दार उघडले. परंतु आपल्या लेकींना शिक्षिका होण्याची वाट जेवढी रुचली, तेवढी परिचारिकेची रुचली नाही.

याचा परिणाम साऱ्या देशालाच भोगावा लागला. १९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानुसार हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे बी.एस्सी. नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा संमत झाल्यावर देशभरातील शिक्षणाला एकसूत्रता येऊ लागली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला.

आज या क्षेत्रात अनेक वाटा आहेत. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम पूर्ण करून गावच्या उपकेंद्रात माता-बालकांची सेवा करता येते. तीन वर्षांचे जी.एन.एम. किंवा चार वर्षांची बी.एस्सी. पदवी घेऊन वॉर्ड, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग येथे काम मिळते. पुढे एम.एस्सी. करून अध्यापन करता येते. सैन्याच्या नर्सिंग सेवेत तर परिचारिका अधिकारी म्हणूनच रुजू होते.

वेतनाची बाजू मात्र विषम आहे. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगात केंद्र शासनाच्या नर्सिंग ऑफिसरचे आरंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांचाही विचार केला. २०० हून अधिक खाटा असल्यास शासकीय परिचारिकेइतके, तर ५० पेक्षा कमी खाटा असल्यास निदान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस तिने केली. शिफारस कागदावर राहिली, की प्रत्यक्षात उतरली, याचे उत्तर प्रत्येक विश्वस्ताने आपापल्या संस्थेच्या पगारपत्रकात पाहावे.

येथे एक कबुली देणे मी माझे कर्तव्य समजतो. माझी एक चुलत बहीण एस.एस.सी. झाल्यावर नर्सिंगला जाण्याचा हट्ट धरून बसली होती. "लोकांची घाण काढायला आपली पोर पाठवायची का?" असे घरच्या वडीलधाऱ्यांनी म्हटले आणि मीही मान डोलावली. पुढे माझ्या मातोश्री अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचे सर्व काही आठ महिने एका परक्या घरच्या परिचारिकेने केले. तिच्या चेहऱ्यावर मी कधी किळस पाहिली नाही. उद्दायन राजाची कथा मला पाठ होती. तिचा अर्थ त्या मुलीने शिकविला.

दवाखान्याच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावाच्या फरशा आपण अभिमानाने बसवितो. ते योग्यच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी दोन संकल्प व्हावेत, असे सुचवावेसे वाटते. आपल्या दानातून चालणाऱ्या प्रत्येक संस्थेत परिचारिकेला न्याय्य वेतन मिळावे आणि समाजातील जी मुलगी वा मुलगा हे शिक्षण घेऊ इच्छील, त्याचा खर्च ट्रस्टने उचलावा. औषधदानाला वैयावृत्त्याची जोड मिळाली, तरच ते दान परिपूर्ण होईल.

जय जिनेंद्र.