कोल्हापूरचे मीठ आणि आयोडीन

कोल्हापूर घाटमाथ्यावरचे, मीठ मात्र समुद्राचे. शिरोड्यासारख्या कोकणातील मिठागरांचे खडेमीठ फोंडा, आंबा अशा घाटांतून बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून वर येई, सुक्या मासळीसोबत. याच शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला.

समुद्री मिठात आयोडीन भरपूर असेल, ही समजूत चुकीची आहे. पाणी आटवून केलेल्या मिठात ते नगण्य उरते. मासळीत मात्र चांगले असते. थायरॉइड ग्रंथी आयोडीनपासूनच आपली संप्रेरके घडवते. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते, गलगंड होतो. गर्भवतीला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि हेच नुकसान सर्वांत गंभीर. संप्रेरक घडवणाऱ्या विकराला लोहही लागते, म्हणून रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचा प्रश्न दुहेरी.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंड घटला. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे आयोडीनविरहित खाद्य मिठावर देशभर बंदी आली, २००० साली उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मधली ती माघार अनाठायी होती. कारखान्यात दशलक्ष भागांत ३० आणि ग्राहकाच्या हाती किमान १५ भाग आयोडीन असावे, असे प्रमाण ठरले. आयोडीन दमटपणाने उडून जाते. गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात मीठ झाकणबंद बरणीत ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.