खोकल्याच्या बाटलीवरचे लेबल

डिसेंबर महिन्यात विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही तोरणमाळला गेलो होतो. सातपुड्यातले हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच आहे. सकाळी यशवंत तलावावर धुके, दुपारी कोरडे ऊन, आणि रात्री प्रत्येक घरात चुलीचा नाहीतर शेकोटीचा धूर. अशा हवेत मुले खोकणार नाहीत तर काय!

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खालच्या दरीतल्या एका पाड्यावरचे गुरुजी आमच्याकडे आले. त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढली. ती निम्मी भरलेली होती. ते म्हणाले, "सर, गेल्या हिवाळ्यात शहाद्याच्या डॉक्टरांनी आमच्या सहावीतल्या एका मुलाला ही लिहून दिली होती. आता त्याच्या धाकट्या भावाला तसाच ठसका लागला आहे, कफ नाही काही नाही. तीन वर्षांचा आहे तो. आई विचारत होती, यातलेच दोन चमचे दिले तर चालेल का? आरोग्य केंद्र गाठायचे तर अडीच तास पायी चालावे लागते."

आम्ही डॉक्टर नाही, रसायनशास्त्रातली माणसे आहोत. तरी "देऊ नका" हे उत्तर आम्ही ताबडतोब दिले. मात्र "का नको?" हा शिक्षकाचा प्रश्न उरलाच. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाटलीवरचे लेबल वाचायला घेतले. अक्षर इतके बारीक की कुणीतरी भिंग आणले. वाचता वाचता लक्षात आले की या लेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे काही ना काही घडून गेलेले आहे, आणि बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी मृत्यूनंतरच लिहिले गेले आहे.

आधी औषधाचे नाव पाहू. या बाटलीत तीन औषधे होती. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन. पहिले खोकल्याची ऊर्मी दाबते, दुसरे ॲलर्जीवरचे असून झोप आणते, तिसरे चोंदलेले नाक मोकळे करते. खोकला ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. घसा आणि श्वासनलिका यांतल्या चेतातंतूंकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला संदेश जातो आणि फुप्फुसातली हवा स्फोटासारखी बाहेर फेकली जाते. कफ असेल तेव्हा ही क्रिया उपयोगाची. ती दाबली तर कफ आतच राहतो. कोरड्या खोकल्यात बाहेर टाकायला काही नसते, नुसतेच ढवळून निघणे असते. म्हणून दाबणारे औषध द्यायचे ते कोरड्या खोकल्यावर, आणि तेही खोकला कशामुळे आहे ते पाहून.

अशी औषधे आली अफूमधून. पॅरिसच्या पिएर रोबिके याने १८३२ साली अफूतून कोडीन वेगळे केले. पुढे १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरचे नवे औषध म्हणून हेरॉइन बाजारात आणले. होय, तेच हेरॉइन! मॉर्फिनपेक्षा निर्धोक म्हणून ते विकले गेले, आणि त्याचे व्यसन लागते हे जगाला कळायला फार वर्षे लागली नाहीत. आपल्या बाटलीतले डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे व्यसन न लावणाऱ्या औषधाच्या शोधातून आलेले. अमेरिकेत त्याला १९५८ साली मान्यता मिळाली. जास्त मात्रेत त्यानेही भ्रम होतो, हे नंतर समजले. कोडीनची गोष्ट तर अलीकडेपर्यंत चालू होती. शरीरात कोडीनचे थोडे मॉर्फिन होते. काही माणसांत अनुवंशाने हे रूपांतर इतके झपाट्याने होते की नेहमीच्या मात्रेनेही लहान मुलाचा श्वास मंदावतो. त्यामुळे युरोपने २०१५ मध्ये आणि अमेरिकेने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे ठरवले. मोठ्या भावाला जे चालले ते धाकट्याला चालेलच असे नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

तरीही औषधापेक्षा जास्त बळी घेतले ते औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाने. त्याकडे आता वळू.

१९३७ साली अमेरिकेतल्या मॅसेंगिल या कंपनीला सल्फानिलामाइड हे त्या काळचे नवे जंतुनाशक औषध मुलांसाठी पातळ रूपात हवे होते. ते पाण्यात नीट विरघळत नाही. कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले, रासबेरीचा स्वाद घातला, रंग, चव, वास तपासले आणि माल रवाना केला. विषारीपणाची चाचणी झाली नाही, कारण कायदा ती मागतच नव्हता. १०५ माणसे गेली, त्यांत ३४ मुले होती. खटला भरताना सरकारला एकच कलम सापडले. 'एलिक्झिर' म्हणायचे तर त्यात अल्कोहोल हवे, ते यात नव्हते, म्हणजे नाव चुकीचे! पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विकण्यापूर्वी औषधाची सुरक्षितता दाखवून देण्याची सक्ती करणारा कायदा तिथे आला.

आपल्याकडेही त्याच सुमारास हालचाल चालू होती. बाजारातल्या भेसळयुक्त औषधांची चौकशी करण्यासाठी १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून १९४० चा औषध कायदा आणि १९४५ ची नियमावली तयार झाली. बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा परवाना क्रमांक, आणि 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' ही तांबडी सूचना हा सारा मजकूर लेबलावर आला तो या कायद्यामुळे आणि त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांमुळे.

पण लेबल छापले म्हणजे बाटलीच्या आत तेच असेल असे नाही. हे महाराष्ट्राला कळले १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डोळ्यातला किंवा मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी तिथे रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरीन देत असत. हा नित्याचा उपचार होता. काही रुग्णांची लघवी अचानक बंद होऊ लागली, आणि ज्या आजारासाठी ते दाखल झाले होते त्याच्याशी याचा काही संबंध लागेना. चौदा जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले, एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले तेच. हे खोकल्याचे औषध नव्हते, हे खरे. परंतु खोकल्याच्या सिरपात घट्टपणा व गोडी आणणारा एक नेहमीचा द्रव ग्लिसरीनच आहे, आणि धोका तोच आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. १९८८ मध्ये जाहीर झालेला त्यांचा अहवाल म्हणजे केवळ एका भेसळीची हकीकत नव्हे. माल पुरवणाऱ्यापासून रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनातले परवाने आणि थेट मंत्र्यांपर्यंत आयोगाने बोट दाखवले. आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा अहवाल वर्तमानपत्रांतून वाचला तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. विष ओळखणारी चाचणी तेव्हाही होती. ती कुणी केली नाही, इतकेच.

शिबिरात एका बाईंनी विचारले, की हे विष औषधात येते तरी कसे? उत्तर बाजारभावात आहे. औषधी ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग असतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे एथिलीन ग्लायकॉल बनवताना निघणारे जोड-उत्पादन. ते रंग, ब्रेक ऑइल वगैरे कारखानी कामांसाठी लागते आणि स्वस्त पडते. तिन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर असतात. पिंपावरचे लेबल बदलले किंवा दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून मूळ लेबलच हरवले, की नाकाला, डोळ्याला किंवा जिभेला काही कळत नाही. ग्लिसरीनची घनता १.२६, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२. शुद्ध द्रव असतील तर शाळेच्या तराजूवरसुद्धा फरक कळेल, पण मिश्रणात तो लपतो. म्हणून वर्णलेखन, म्हणजे शाळेत आपण शाईचे रंग वेगळे करतो त्याच तत्त्वावरची पण फार सूक्ष्म चाचणी, करावी लागते. औषधी द्रवात हे विष ०.१० टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा दंडक आहे.

पोटात गेल्यावर यकृतातली विकरे या रेणूचे ऑक्सिडीकरण करतात. त्यातून तयार होणारे डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. आधी उलट्या व पोटदुखी, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद पडते, आणि त्यानंतर गुंगी, झटके. सर्दीखोकल्याच्या मुलाला उलटी होणे नवलाचे नसते, म्हणून सुरुवातीचे मोलाचे तास निघून जातात. पातळ औषध घेतलेल्या मुलाला बराच वेळ लघवी झाली नाही, एवढी एक खूण शिक्षकांनी लक्षात ठेवावी. अशा मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे, आणि बाटली बरोबर न्यायची, फेकायची नाही.

१९८६ नंतर हे थांबायला हवे होते. तसे झाले नाही. १९९८ मध्ये गुडगाव भागातली ३६ मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दिल्लीत दाखल झाली आणि त्यांतली ३३ दगावली. कारण खोकल्याचे औषध. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतल्या रामनगरला तेच. २०२२ मध्ये गांबियात साठाहून अधिक मुले गेली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांकडे बोट दाखवले. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपाला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या मुलांसाठी मात्र तेव्हा अशी अट घातली गेली नाही, याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या आसपास, साध्या सर्दीखोकल्याच्या मुलांची लघवी बंद होऊ लागली. हा जिल्हा महाराष्ट्राला लागून आहे. आजारी मुलांना नागपूरलाच आणतात, तसे याही वेळी आणले. कोल्ड्रिफ नावाच्या, तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या सिरपाच्या एका बॅचमध्ये तिथल्या राज्य प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मर्यादा ०.१० टक्के आणि सापडले ते जवळजवळ निम्मे! वीसहून अधिक मुले गेली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ती बॅच वापरू नका असा इशारा दिला तो बॅच क्रमांकानिशी. लेबल शाबूत असलेल्या बाटलीलाच अशा इशाऱ्याचा उपयोग.

गुरुजींच्या बाटलीवर नेमका तोच कोपरा फाटलेला होता.

आता वयाची ओळ. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असे छापावे, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत. यात भेसळीचा प्रश्न नाही, शुद्ध औषधाबद्दलच हे म्हटले आहे. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो, आणि ही औषधे त्यात फारशी मदत करत नाहीत, असे प्रयोगांतून दिसत आले आहे.

"पण सर," गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे किराणा दुकानातसुद्धा ही सिरपे मिळतात." त्यामागेही नियमावलीचा इतिहास आहे. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांत काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची सवलत १९४५ च्या नियमांच्या अनुसूची 'के' मध्ये ठेवली गेली होती, आणि त्यात खोकल्याची सिरपेही होती. चिठ्ठीची औषधे त्यात कधीच नव्हती, पण दुकानदाराला हा फरक सांगणार कोण? दूरच्या वस्त्यांची सोय व्हावी हा हेतू चांगला होता. मात्र जिथे औषध तपासणारा निरीक्षक पोचणे सर्वांत कठीण, तिथेच दार सर्वांत मोकळे राहिले. २०२५ च्या मृत्यूंनंतर ही सवलत सिरपांपुरती काढून घेण्याचा विचार सुरू झाला.

मग त्या तीन वर्षांच्या मुलाचे काय? कोमट पाणी, रात्री झोपताना चमचाभर मध (एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात नको, त्यात घातक जिवाणूंची बीजे असू शकतात) आणि चुलीच्या धुरापासून दूर निजवणे, हे तोवर करण्याजोगे. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत-खात नसेल, तर अडीच तास चालावेच लागेल. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी हवी. अशा वेळी दाबणारे औषध देत राहणे म्हणजे आजार लपवणे. आणि मोठ्या माणसाला डॉक्टरांनी सिरप लिहून दिलेच, तर ते त्याच माणसाने, तेवढेच दिवस, बाटलीबरोबर आलेल्या मापानेच घ्यावे.

मापावरून वाद झाला. कुणी म्हणाले, चमचा म्हणजे चमचा. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात प्रत्येकाने मुक्कामाच्या स्वयंपाकघरातला एकेक चमचा आणला आणि सुई काढलेल्या पिचकारीने पाणी भरून मोजला. काही चमचे पाच मिलिलिटरपर्यंत पोचले नाहीत, तर एक वाढायचा चमचा दुपटीच्याही पुढे गेला. गुरुजींनी ते आकडे वहीत उतरवून घेतले. त्यांच्या पाड्यावर जायला निघताना त्यांनी बाटली परत मागितली. मुलाला द्यायला नव्हे. फाटके लेबल वर्गात दाखवायला हवे होते त्यांना. आतले सिरप काढून टाकून, बाटली धुऊन, आम्ही ती त्यांना दिली.